पसंतीच्या मतांची मोजणी संगणकावर का करत नाहीत?

प्रश्न लातूरच्या एका विद्यार्थ्याचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : "पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची मोजणी सकाळी सुरू होते आणि दुसरा दिवस उजाडला तरी बाद फेऱ्या चालूच असतात. पसंतीक्रम मोजणारा प्रोग्राम मी एका रात्रीत लिहिला. दोन लाख मतांचा निकाल तो तीन सेकंदांत देतो. मग हे काम संगणकाकडे का देत नाहीत? आणि द्यायचं ठरलं तर माझ्या प्रोग्राममध्ये काय कमी आहे?"

तुमच्या तीन सेकंदांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या प्रोग्रामला दोन लाख मतं दिली कुणी? तुम्हीच आकडे तयार करून दिले असणार. आमच्या टेबलावर ती मतं कागदावर येतात, जांभळ्या स्केचपेननं लिहिलेली, आठ जिल्ह्यांतल्या माणसांच्या हातची. मी परभणीला कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. मोजणीच्या टेबलावर आधी सहायक आणि नंतर पर्यवेक्षक म्हणून बसलेलो आहे. एका संस्थेच्या अंतर्गत निवडणुकीसाठी पसंतीक्रमाचा प्रोग्रामही मी लिहून दिला होता. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी पाया पक्का करून घेऊ. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. मराठवाड्याचे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, बीड, नांदेड, लातूर आणि धाराशिव हे आठही जिल्हे मिळून पदवीधरांचा एक आमदार आणि शिक्षकांचा एक आमदार निवडतात. घटनेच्या कलम १७१ मुळे इथं एकल संक्रमणीय मतपद्धत आहे. मतदार नावांपुढं १, २, ३ असे क्रम लिहितो. मतदान यंत्र इथं चालत नाही, कारण ते 'एक बटण, एक मत' एवढंच साठवतं. क्रम साठवण्यासाठी ते बनवलेलंच नाही.

एका जागेचा हिशोब सोपा आहे. वैध मतांची निम्मी अधिक एक, अपूर्णांक सोडून द्यायचा, हा कोटा. पहिल्या पसंतीत कुणी कोट्याला पोचला तर काम संपलं. नाही पोचला तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करायचा, त्याचा गठ्ठा उघडायचा आणि प्रत्येक मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या शिल्लक उमेदवाराकडे टाकायची. कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा एकटाच उरेपर्यंत हेच चालतं. २०२० मध्ये आमच्या पदवीधर मतदारसंघात ३५ उमेदवार होते, पण पहिल्या पसंतीवरच निकाल लागला. २०२३ च्या फेब्रुवारीत शिक्षक मतदारसंघाची मोजणी झाली तेव्हा मात्र बाद फेऱ्यांशिवाय सुटका नव्हती. समजा ३५ पैकी कुणीच कोटा गाठला नाही, तर एकेक करून ३३ जण बाद करावे लागू शकतात. त्यांतल्या कितीतरी जणांना मोजून थोडी मतं असतात, तरी प्रत्येकासाठी फेरी, बेरीज, तक्ता आणि प्रतिनिधींना दाखवणं हे सगळं होतंच. रात्र त्यात जाते.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की हे संगणकाचंच काम. फेऱ्यांपुरतं ते खरंही आहे. अडचण फेऱ्यांच्या आधी आहे.

मतपत्रिकेवर पसंती आकड्यातच लिहायची, शब्दात नाही. आकडा मात्र कोणता? नियमानं तीन सवलती आहेत : आंतरराष्ट्रीय आकडे म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो ते, रोमन आकडे, किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भारतीय भाषेचे आकडे. मराठवाड्यात याचा अर्थ काय होतो ते बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मतदार देवनागरी लिहितो. अभियंता इंग्रजी लिहितो. जुन्या वळणाचे एखादे गुरुजी रोमन लिहितात. संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड इथं उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तिथले शिक्षक उर्दू आकडे लिहू शकतात आणि ते वैध आहेत.

आता स्कॅनर लावा. आपला १ हा आकार इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ इंग्रजी आठसारखा. इंग्रजी अंकांवर शिकवलेला वाचक-प्रोग्राम देवनागरी एकचा नऊ करून बसला, तर पहिली पसंतीच गेली, म्हणजे मतपत्रिका अवैध. उर्दू सात हा इंग्रजी व्ही या अक्षरासारखा असतो आणि तोच आकार रोमनमध्ये पाच असतो. एकच खूण, दोन अर्थ, दोन्ही कायदेशीर. आणि मी प्रत्यक्ष पाहिलेली अडचण म्हणजे दोन उभ्या रेघा. रोमन दोन की अकरा? ३५ उमेदवार असले की अकरावी पसंती देणारा मतदार असू शकतो. टेबलावर आम्ही काय करतो? त्याच मतपत्रिकेवरचे बाकीचे आकडे बघतो. एक उभी रेघ, दोन रेघा, तीन रेघा अशी चढण असेल तर रोमन. एकपासून दहापर्यंतचे इंग्रजी आकडे इतरत्र सापडले तर अकरा. जमत नसेल तर ती मतपत्रिका संशयितांच्या खणात जाते आणि निवडणूक निर्णय अधिकारी निर्णय देतात. आपल्याकडे ते काम विभागीय आयुक्तांकडे असतं. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर मान वाकवून बघत असतात. हा निवाडा आहे, वाचन नाही. प्रोग्रामनं इथं एवढंच म्हणावं की मला हे नक्की कळत नाही. त्यापुढं गेला तर तो अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला.

अवैध ठरण्याची कारणंही अशीच माणसाच्या नजरेची आहेत. १ हा आकडाच नाही, १ दोन नावांपुढं आहे, १ दोन नावांच्या मध्ये पडलाय, एकाच नावापुढं १ सोबत दुसराही आकडा आहे, किंवा मतदाराची ओळख पटेल अशी खूण आहे. टिकमार्क करून आलेल्या पदवीधरांच्या मतपत्रिका मी इतक्या पाहिल्यात की वाईट वाटतं. माणूस परभणीला पदवी घेतो, नाव नोंदवायला तहसीलला हेलपाटे घालतो, रांगेत उभा राहतो आणि बरोबरची खूण करून बाद होतो. काहीजण सही करतात. शिक्षक मतदारसंघात नावांच्या खाली 'एकच मिशन जुनी पेन्शन' असं लिहिलेली मतपत्रिका एकदा माझ्याच टेबलावर आली होती. आकडे सगळे स्वच्छ, पसंतीक्रम अगदी शिस्तीत, आणि खाली तो मजकूर. ती संशयितांत गेली आणि तिथून बाद झाली. स्कॅनरनं फक्त आकड्यांच्या चौकटी वाचल्या असत्या तर ती वैध धरली गेली असती. कोणता निर्णय तुम्हाला मनातून पटतो हा प्रश्न वेगळा. नियम काय म्हणतो ते प्रोग्रामला दिसलंच नसतं, हा माझा मुद्दा आहे.

आता तुमच्या प्रोग्रामकडं येतो. मला पाठवलेल्या तुकड्यात तुम्ही प्रत्येक मतपत्रिकेवरचे आकडे चढत्या क्रमानं लावता आणि बाद उमेदवार वगळून पुढचं नाव घेता. शंभरातल्या बहुतेक मतपत्रिकांना हे चालेल. पण एखाद्यानं १, २ आणि ४ लिहिलं, ३ राहिला, तर? तुमचा प्रोग्राम दोननंतर चारकडं जातो. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांप्रमाणं तिथं साखळी तुटली. पुढचा आकडा सलग नसेल तर ती मतपत्रिका संपुष्टात आली असं धरायचं. तसंच २ हा आकडा दोन नावांपुढं असेल तर पहिली पसंती मोजायची, दुसरीपाशी थांबायचं. म्हणजे मतपत्रिका वैध आहे, पहिल्या फेरीत तिचं मत पूर्ण धरलं जातं, पण पुढं ती चालत नाही. वैध आणि संपुष्टात आलेली, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कोटा वैध मतांवरून एकदाच निघतो. मतपत्रिका नंतर संपत गेल्या तरी तो कमी होत नाही. तुम्ही प्रत्येक फेरीत उरलेल्या मतांची निम्मी काढताय. काही देशांत ते बरोबर आहे, इथं चूक आहे. शेवटच्या दोघांत कुणीच कोट्याला पोचला नाही तर कमी मतांचा बाद होतो आणि उरलेला निवडून येतो. तुमचा प्रोग्राम अशा वेळी भलत्याच फेरीत निकाल जाहीर करू शकतो.

बरोबरीचं काय? तळाला दोघांची मतं सारखी असतील तर तुमचा प्रोग्राम यादीतला आधीचा उमेदवार बाद करतो, कारण त्या भाषेत किमान शोधणारी आज्ञा पहिला सापडलेला देते. ही चूक मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत दरवर्षी बघतो आणि ती कुणाला खटकत नाही, म्हणून जोर देऊन सांगतो. नियम म्हणतो की आधी पहिल्या पसंतीची मतं बघा, ज्याला कमी तो बाद. तीही सारखी असतील तर चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी सगळ्यांसमोर निघते. प्रोग्रामनं इथं थांबून माणसाकडं निकाल मागायला हवा आणि आलेला निकाल नोंदवून ठेवायला हवा. यंत्रानं आतल्या आत काढलेली चिठ्ठी कुणी बघितलेली नसते.

जास्त जागांची मोजणी वेगळी आणि जास्त रंजक आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून जागा भरतात, आमदारांतून विधान परिषदेवर किंवा राज्यसभेवर जातात, तिथं जिंकलेल्याची जादा मतंही पुढं सरकवावी लागतात. विधान परिषद आणि राज्यसभेच्या नियमात त्यासाठी प्रत्येक वैध मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. २०२२ च्या जूनमधली महाराष्ट्रातली राज्यसभा घ्या. ६ जागा, २८४ वैध मतं. एकूण किंमत २८,४००. ती ६ अधिक १ म्हणजे ७ नं भागली की ४,०५७ आणि काही अपूर्णांक. अपूर्णांक सोडा, १ मिळवा, कोटा ४,०५८. समजा एखाद्याला पहिल्या पसंतीची ४८ मतं पडली. किंमत ४,८००, जादा ७४२. अठ्ठेचाळीसही मतपत्रिकांवर पुढची पसंती असेल तर प्रत्येकीची नवी किंमत ७४२ भागिले ४८, म्हणजे १५ पूर्णांक आणि जवळजवळ अर्धा. नियम म्हणतो अपूर्णांक सोडा. प्रत्येक मतपत्रिका १५ किमतीनं पुढं जाते. ४८ गुणिले १५ म्हणजे ७२०. बावीस वाऱ्यावर गेले, आणि ते जायलाच हवेत.

तुमच्या प्रोग्रामनं दशांश ठेवले तर ७४२ च्या ७४२ पुढं जातील. गणिताच्या दृष्टीनं ते जास्त न्याय्य वाटेल. पण इथं कायद्याचा हिशोब वेगळा आहे आणि शेवटच्या जागेचा निकाल एवढ्याशा फरकावर फिरू शकतो. म्हणून पूर्णांकातच गणित करा. दशांश संख्या ठेवणारा प्रकार हातीच घेऊ नका. त्यात बरोबरी असतानाही सोळाव्या घरात फरक दिसतो आणि चिठ्ठी टाकायची वेळ आली हेच प्रोग्रामला कळत नाही.

जगात सगळीकडं एकच नियम नाही हेही ध्यानात ठेवा, नाहीतर इंटरनेटवरून उचललेला प्रोग्राम आपल्याकडं लावाल. न्यूझीलंडमध्ये २००४ पासून काही स्थानिक निवडणुकांत मीकची पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक फेरीत कोटा पुन्हा काढतात आणि प्रत्येक विजेत्यानं मताचा किती हिस्सा ठेवायचा हे पुन्हापुन्हा जुळवत नेतात. ती हातानं करणं व्यवहारात अशक्यच, तिथं संगणक लागतोच. आपली पद्धत मात्र गठ्ठे, उपगठ्ठे आणि खणांसाठी लिहिलेली आहे. नियमांत भाषा कागदाची आहे. ती बदलायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६९ खाली केंद्र सरकारला निवडणूक आयोगाशी सल्लामसलत करून नियम बदलावे लागतील. तोवर संगणक मदतनीस म्हणून बेरजा करू शकतो, निकाल कागदाच्या गठ्ठ्यांवरच ठरतो.

चुकीच्या नियमानं काय होतं त्याचं एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड शहराच्या शाळा मंडळाची एक जागा पसंतीक्रमानं निवडली गेली. काही मतदारांनी पहिल्या पसंतीचा रकाना कोरा ठेवून दुसऱ्यात नाव भरलं होतं. तिथल्या नियमाप्रमाणं ते नाव पुढं सरकवून पहिली पसंती धरायचं होतं. मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पर्याय चुकीचा निवडलेला राहिला आणि अशी मतं पहिल्या फेरीत बाजूला पडली. बेरजा सगळ्या बरोबर. निकाल जाहीर झाला, शिक्कामोर्तबही झालं. डिसेंबरच्या शेवटी बाहेरच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध झालेल्या मतनोंदी स्वतः मोजून पाहिल्या तेव्हा कळलं की ज्याला तिसरा दाखवलं तोच खरा विजयी होता. प्रकरण पुढं कोर्टात जाऊन मिटलं. आपल्याकडं ते मत सरळ अवैध झालं असतं, कारण १ नाही. एकच कागद, एका देशात विजय ठरवणारा आणि दुसऱ्यात बाद. म्हणून म्हणतो, हे गणिताचं नाही, नियमाचं काम आहे, आणि नियम प्रोग्राममध्ये कुठल्या ओळीत उतरलाय ते दाखवता यायला हवं.

त्याआधीच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये महापौरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत चाचणीसाठी भरलेली सुमारे १,३५,००० खोटी मतं काढायची राहून गेली आणि तसाच आकडा जाहीर झाला. तो मागे घ्यावा लागला. मोजणीच्या यंत्रावर चाचणीची फाइल आणि खरी फाइल एका जागी ठेवूच नये, एवढंच त्यातून घ्या.

आयर्लंडची गोष्ट जास्त विचार करायला लावते, कारण तिथं संसदेचं अख्खं कनिष्ठ सभागृह याच पद्धतीनं निवडतात आणि लोकांना मोजणी बघायची सवय आहे. २००२ मध्ये तीन मतदारसंघांत मतदान आणि मोजणी यंत्रावर घेतली. मग देशभरासाठी पाच कोटी युरोंहून जास्त खर्च झाला. २००४ मध्ये नेमलेल्या आयोगानं सांगितलं की ही यंत्रणा बरोबर चालते याची खात्री देता येत नाही. २००९ मध्ये योजना गुंडाळली आणि २०१२ मध्ये यंत्रं भंगारात निघाली. आजही तिथं कागद हातानं मोजतात. कागदाचा पुरावाच नसेल तर शंका आल्यावर पुन्हा मोजायचं काय, या प्रश्नाला त्या यंत्राकडं उत्तर नव्हतं.

स्कॉटलंडनं दुसरी वाट धरली. २००७ पासून तिथल्या स्थानिक निवडणुकांत मतपत्रिका कागदीच असतात, त्या स्कॅन होतात, शंकास्पद मतपत्रिका पडद्यावर मोठ्या करून अधिकारी सगळ्यांसमोर निर्णय देतात आणि मोजणी संगणक करतो. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटसाठी २०१६ पासून मतपत्रिका स्कॅन करतात, आकडे यंत्र वाचतं आणि माणूसही टंकतो, दोन्ही जुळवतात. २०२१ मध्ये तिथं कायदाच केला की कागदांचा नमुना काढून नोंदींशी ताडून बघायचा. मला ही दिशा पटते. कागद मूळ, नोंद त्याची नक्कल, आणि नक्कल मुळाशी जुळते का हे कुणीही उठून विचारू शकेल.

मग मराठवाड्यात हे लावायचं म्हटलं तर वेळ खरंच वाचेल का? हिशोब करून बघू. दोन लाख मतपत्रिका. एका मतपत्रिकेवरचे आकडे उमेदवारांच्या क्रमानं टंकायला दहा सेकंद धरा, हा माझा अंदाज आहे, लांब मतपत्रिकेला जास्तही लागतील. दोन वेगवेगळ्या माणसांनी टंकायचं, म्हणजे चूक पकडता येते. एकूण ४० लाख सेकंद, अकराशे तासांहून थोडे जास्त. शंभर संगणक लावले तर अकरा तास, आणि त्यात फरक सोडवायचा वेळ धरलेला नाही. त्या संस्थेच्या निवडणुकीत आम्ही असंच दोनदा टंकलं. मतपत्रिका काही शेच होत्या, तरी दहा-बारा ठिकाणी दोघांच्या नोंदी जुळेनात. निम्म्या ठिकाणी टंकणाऱ्याची एक ओळ खाली सरकली होती. राहिलेल्या ठिकाणी आकडाच वाचायला अवघड होता आणि दोघांनी दोन अर्थ लावले होते. एकदाच टंकलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं आणि निकालपत्र तरीही अगदी नेटकं निघालं असतं.

पण एक युक्ती आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. एका जागेच्या मोजणीत शेवटच्या दोघांच्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंत्या कधीच उघडल्या जात नाहीत. म्हणजे त्या टंकायचं कारणच नाही. शेवटचे दोन कोण हे आधी कळेल का? पहिल्या पसंतीची मोजणी हातानं झाल्यावर पहिले दोघे बाजूला ठेवा आणि बाकी सगळ्यांची मतं एकत्र करा. ही बेरीज दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या मतांपेक्षा कमी असेल तर बाकीच्यांतला कुणीही, अगदी सगळी मतं एकट्याला मिळाली तरी, दुसऱ्याला गाठू शकत नाही. मग फक्त या बाकीच्या मतपत्रिका टंकायच्या. निवडणूक दुरंगी असली की दोन लाखांचं काम तीस-चाळीस हजारांवर येऊ शकतं. वर्गीकरण आणि वैध-अवैध हातानं, टेबलावर, प्रतिनिधींसमोर. बाद फेऱ्या संगणकावर. बाद उमेदवारांचे गठ्ठे जपून ठेवायचे, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर कुणाला शंका आली तर गठ्ठा क्रमांक सांगून कागद मागवता येतो. मला विचाराल तर इथून सुरुवात करावी. तिरंगी, चौरंगी लढतीत ही युक्ती लागू पडत नाही, तिथं सगळंच टंकावं लागेल.

फेऱ्यांना किती वजन असतं ते १९६९ ची राष्ट्रपतीपदाची निवडणूक दाखवते. कोटा ४,१८,१६९ होता. व्ही. व्ही. गिरी यांची पहिल्या पसंतीची मतं ४,०१,५१५ आणि नीलम संजीव रेड्डी यांची ३,१३,५४८. आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ वर तिसरे. पुढच्या पसंत्या सरकल्यावर गिरी ४,२०,०७७ वर गेले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर. आघाडी ८८ हजारांची होती, ती १५ हजारांच्याही आत आली. देशमुखांच्या गठ्ठ्यातले बहुतेक कागद त्या दिवशी दुसऱ्यांदा बोलले. अशा गठ्ठ्यात वाचनाची चूक शिरली तर ती चूक थेट निकालात उतरते.

शेवटचा मुद्दा नोंदी प्रसिद्ध करण्याचा. तुम्ही लिहिलंय की सगळ्या मतपत्रिकांचे पसंतीक्रम फाइलमध्ये टाकून संकेतस्थळावर ठेवले की कुणीही मोजून बघेल. ओकलंडची चूक तशीच सापडली, हे खरं. पण आपल्या भागात मी सावध राहीन. समजा ३५ उमेदवार आहेत. पहिल्या दोन पसंत्या ठरल्या तरी उरलेल्या ३३ नावांतून सहा नावं क्रमानं लावायचे ७९ कोटींहून जास्त प्रकार होतात. म्हणजे कुणीही मतदाराला सांगू शकतो, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत मी सांगतो त्या क्रमानं लिही, मी फाइलमध्ये शोधीन. तो क्रम मतदाराची सही होऊन बसतो. आणि शिक्षक मतदारसंघात मतदाराची नोकरी, बढती, पगाराचं बिल संस्थाचालकाच्या हातात असतं. ज्यानं खाजगी संस्थेत वर्षानुवर्षं विनाअनुदानित काढली त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गुप्त मतदान त्याच्यासाठी पुस्तकातला शब्द नाही.

म्हणून फाइल मोजणीच्या जागेतच राहावी. प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला तिथंच दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये ती मोजू द्यावी. दोन्ही निकाल फेरीगणिक जुळले पाहिजेत, नुसता विजेता जुळून भागत नाही. मग प्रतिनिधींनी सांगितलेल्या गठ्ठ्यांतून कागद काढून नोंदीशी ताडावेत. बाहेर जाहीर करायचा तो फेरीचा तक्ता : कोण बाद, कुणाकडं किती गेली, किती संपुष्टात आली. नोंदीत मतपत्रिकेचा छापील अनुक्रमांक कधीच टाकू नका, गठ्ठा क्रमांक आणि गठ्ठ्यातली जागा पुरते.

तुमचा प्रोग्राम टाकून देऊ नका. आधी साखळी तुटण्याचा नियम घाला, कोटा एकदाच काढा, बरोबरीला थांबा, सगळं पूर्णांकात आणा. मग पंचवीस मतपत्रिका घरीच कागदावर लिहा, मुद्दाम वाकड्यातिकड्या : एक देवनागरी, एक रोमन, एक दोन-दोनवाली, एक तीन सोडलेली, एक सही केलेली. उर्दू येणाऱ्या मित्राकडून दोन-चार लिहून घ्या. घरच्या दोघांना वेगवेगळं बसवून त्या टंकायला सांगा आणि तिसऱ्याला हातानं मोजायला सांगा. तिघांचे तक्ते जिथं जुळणार नाहीत त्या मतपत्रिका मला पाठवा. शिवाय तुमच्या प्रोग्राममधली कोणती ओळ कोणत्या नियमासाठी आहे, तेही मराठीत लिहून पाठवा.